पाठ ऐकल्याशिवाय

निर्मलकुमार दुकानावर गेले, की धनकुंवर फोन धुतलेल्या रुमालानं पुसून घ्यायची आणि सामायिकाच्या, म्हणजे ध्यानाला बसायच्या, खोलीतल्या चौरंगावर उभा करून ठेवायची. मग समोर आसन अंथरून बसायची. पोथीला जेवढा मान द्यायचा तेवढाच त्या काळ्या काचेला. थोड्या वेळानं काच उजळायची. तिकडे जर्मनीत पहाट असायची, मुस्कान केस विंचरत असायची आणि तोंडात ब्रश धरून म्हणायची, "मम्मी, घे पाठ." आज मात्र काच उजळली नाही. फोन नुसता थरथरला आणि चौरंगावरून बोटभर सरकला. मुस्काननं लिहिलं होतं, मम्मी, लॅटिन पास झाले. आता तुझी सुटका. आज दिवसभर झोपणार आहे, फोन नाही करत. धनकुंवरनं ते वाचलं. आनंदाची बातमी वाचून माणूस करतं ते सगळं तिनं केलं, म्हणजे हात जोडले, डोळे मिटले, नवकार मंत्र म्हटला. डोळे उघडले तेव्हा ओट्यावरचा उकळून गार केलेल्या पाण्याचा कळशीएवढा तांब्या तिला दारातून दिसला आणि घसा कोरडा पडला. त्या तांब्यातलं पाणी तिला आज पिता येणार नव्हतं. उद्याही नाही. मुलीचा पाठ ऐकल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही असं तिचं व्रत होतं, आणि मुलीचे पाठ संपले होते.

व्रत घेतलं ते गेल्या चातुर्मासात. साध्वी महासतीजी तेव्हा जळगावच्या जैन स्थानकात उतरल्या होत्या. प्रवचन संपल्यावर बायका एकेक करून पुढं जात, छोटे छोटे नियम घेत. कुणी गूळ सोडला, कुणी महिनाभर मिठाई, एका सुनेनं सासूला उलट उत्तर न देण्याचा नियम घेतला तेव्हा सगळं स्थानक हसलं आणि सासू सगळ्यांत जास्त. धनकुंवरची पाळी आली तेव्हा ती इतक्या हळू बोलली की महासतीजींना कान पुढं करावा लागला. "मुलगी शिकतेय परदेशात. रोज तिचा पाठ ऐकायचा. त्याआधी पाणी नाही." महासतीजींनी सुचवलं, "आगार ठेवा बाई. आजारपणाचा, प्रवासाचा, तिला वेळ न झाल्याचा." आगार म्हणजे व्रतातली सूट, घेताना सांगून ठेवलेली. शहाणी माणसं दोन-चार आगार ठेवतातच. देहाचा भरवसा काय, आणि दुसऱ्याच्या देहाचा तर मुळीच नाही. धनकुंवर म्हणाली, "नको." मुदत किती, तेही तिनं सांगितलं नाही, आणि मागं रांग होती म्हणून कुणी विचारलं नाही. वोसिरामि, म्हणजे सोडते, असं म्हणताना तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. बायकांना वाटलं, केवढी श्रद्धा. तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

हे पाठ ऐकणं काही तिला नवीन नव्हतं. लग्नानंतर कितीतरी वर्षं ती स्थानकातली पाठशाळा चालवायची, रविवारी सकाळी, व्यापाऱ्यांची पोरं सतरंजीवर बसवून. पोरं तिच्याकडून अर्धमागधी गाथा घेत आणि पुढच्या खेपेला देत. घेतलेली दिल्याशिवाय नवी मिळायची नाही, एवढा एकच नियम. अर्थ मागाहून. अर्थ येतो हळूहळू, ती सांगायची, जसं दूध विरजलं की रात्रीत आपोआप दही होतं, आपण फक्त भांडं हलवायचं नाही. मुस्कान त्या पोरांत सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत आगाऊ. गाथा देताना वेणी तोंडात धरायची, एका पायावर उभी राहायची, आणि अडली की आईच्या ओठांकडे बघायची. धनकुंवरला ओठ मिटून ठेवायला फार जड जायचं. आईनं सांगायचं नसतं, बाईंनी तर नाहीच. पण तिचे ओठ नकळत हलायचे आणि पोरीला तेवढं पुरायचं. एकदा घरी जाताना मुस्कान म्हणाली होती, "मम्मी, मला गाथा येतच नाही. मला तू येतेस."

ती पोर जुन्या काळच्या वैद्यांची पुस्तकं वाचायला एवढ्या लांब गेली. युरोपातल्या मठांमधून लिहिलेली, काढे आणि मुळ्या आणि पथ्यं. ती सगळी लॅटिनमध्ये, आणि लॅटिनची परीक्षा दिल्याशिवाय तिथलं विद्यापीठ त्या पुस्तकांना हात लावू देईना. "मेलेल्यांची भाषा," निर्मलकुमार जेवताना म्हणाले होते. "शिकून करायचं काय? तूरडाळीचा भाव लॅटिनमध्ये सांगणार का?" मुस्कान पडद्यातून म्हणाली, "पप्पा, तुमची अर्धमागधी कुठं बाजारात चालते?" त्यावर ते नुसते हसले, पण दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मुनीमजींना त्यांनी हे उत्तर दोनदा ऐकवलं. त्याच आठवड्यात मुस्कान रडवेली होऊन म्हणाली, "मम्मी, माझं पाठच होत नाही. इथं कुणी ऐकणारं नाही. तू ऐकशील? तुला काही कळायची गरज नाही. मी म्हणते, तू नुसती समोर बस." नुसती समोर बस. एवढंच तर धनकुंवरला आयुष्यात चांगलं जमलं होतं.

मग रोज सकाळी शब्द यायला लागले. आक्वा म्हणजे पाणी, पानिस म्हणजे भाकर, साल म्हणजे मीठ, हॉर्तुस म्हणजे बाग, मानुस म्हणजे हात, दिएस म्हणजे दिवस. प्रत्येकाच्या शेपटीला प्रत्यय, आणि सगळ्यांत जास्त छळलं ते अॅब्लेटिव्ह नावाच्या विभक्तीनं. मुस्कान तीच पुन्हा पुन्हा चुकायची. आक्वा, आक्वीस. हॉर्तो, हॉर्तीस. पाने, पानिबुस. मानू, मानिबुस. दिए, दिएबुस. धनकुंवरनं कधी पाठ करायचं म्हणून केलं नाही. पण भाजी निवडताना एक दिवस तिच्या लक्षात आलं, मेथीची पानं खुडता खुडता आपण पाने, पानिबुस म्हणतोय. मग मुस्कान अडली की इकडे हिचे ओठ हलायला लागले. पोर ओरडायची, "मम्मी, चीटिंग. सांगू नकोस," आणि मग हळूच बघून घ्यायची. "ही विभक्ती कशी आहे माहितेय?" ती एकदा म्हणाली. "आधी कुम लावलं की अमक्याबरोबर, सिने लावलं की अमक्याशिवाय. रूप तेच. कुम आक्वा, पाण्याबरोबर. सिने आक्वा, पाण्याशिवाय. वैद्यांची पुस्तकं नुसती यानंच भरलीत, हे औषध मधाबरोबर, ते मिठाशिवाय." धनकुंवरनं ओठांवरून जीभ फिरवली. घसा कोरडा होता. रोजच तेव्हा कोरडा असायचा. "चहा झाला का तुझा?" मुस्कान विचारायची. खोटं न बोलण्याचाही नियम होताच. "घेते आता," धनकुंवर म्हणायची. एवढ्या दिवसांत मुस्काननं कधी विचारलं नाही की मम्मी, तुझा चहा रोज माझ्यानंतरच का होतो. मुली विचारत नाहीत. तिनं स्वतः तरी आपल्या आईला कुठं विचारलं होतं, तू जेवलीस का?

दुकानातून निर्मलकुमारांचा फोन आला. मागं पोत्यांची आदळआपट आणि कुणाचं तरी हसणं. "पोरगी पास झाली, मला मेसेज आला. पेढे मागवलेत. तू खाल्लंस ना काही? का तुझी पोरसी चालूच?" त्यांना वाटायचं ती रोज पोरसी करते, दिवस वर येईपर्यंत पाणी न घेण्याची. तिनं ती समजूत तशीच राहू दिली होती, आणि ते तिला नेहमी टोचायचं. ती म्हणाली, "मी धुळ्याला जाऊन येते. महासतीजींच्या दर्शनाला." "आत्ता? गाडी रविवारी नेली असती." "बसनं जाते." थोडा वेळ पोती आदळत राहिली. "बरं," ते म्हणाले. "पेढा ठेवतो तुझ्यापुरता. दिवस मावळायच्या आत ये, नाहीतर उद्यावर जाईल." सूर्यास्तानंतर ती पाणीही घेत नसे, ते व्रत लग्नाआधीपासूनचं. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तर रात्रही तशीच, आणि उद्याची सकाळही, आणि उद्या तर कुणाचाच पाठ नाही.

फोनमध्ये मुस्कानचे जुने आवाज होते, दोन-तीन वेळा घाईत पाठवलेले. धनकुंवरचा अंगठा त्यांच्यावर जाऊन परत आला. रात्रीचं उरलेलं ती खात नसे. मग साठवलेला पाठ कसा ऐकायचा? आणि फोन लावून पोरीला उठवणं अवघड नव्हतं. मुस्कान, एक ओळ म्हण ग, मला पाणी प्यायचंय, एवढं म्हटलं असतं तर ती धडपडून उठली असती, रडली असती, रागावली असती आणि म्हटलंही असतं. मग रोज म्हटलं असतं, घड्याळ लावून, आईला पाणी पाजायला. धनकुंवरला ते नको होतं. पण मग काय हवं होतं, हे स्वतःला विचारायची वेळ आली की तिचं मन पदर सावरून उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं.

धुळ्याची बस पाळधी ओलांडून एरंडोलकडे लागली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती आणि वेचणाऱ्या बायकांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. खिडकीतून गरम वारा आणि डिझेलचा वास येत होता. तिनं डोळे मिटले. जीभ टाळूला चिकटत होती, तिला काहीतरी काम हवं होतं, म्हणून ती मनातल्या मनात म्हणायला लागली. आक्वा, आक्वीस. फिलिआ म्हणजे मुलगी. ती फिलीस नाही होत अनेकवचनात, मुस्कान सांगायची, कारण फिलीस म्हटलं तर मुलगेही तसेच दिसतात. म्हणून मुलींसाठी वेगळं रूप राखून ठेवलंय, फिलिआबुस. त्या मेलेल्या लोकांना हे सुचलं होतं, धनकुंवरला वाटलं, मुलांच्या गर्दीत मुली हरवू नयेत म्हणून. मुस्कान झाली तेव्हा दवाखान्यात सासूबाईंनी पेढ्यांची ऑर्डर बर्फीवर आणली होती. ते आठवून तिला हसू आलं आणि ओठांची कातडी ताणली. बर्फीही सासूबाईंनी सगळ्यांना वाटली होती, हेही खरं. माणसं पूर्ण वाईट असती तर आठवणी सोप्या झाल्या असत्या.

"कव्हनी काय म्हनी ऱ्हायनी वं माय?" शेजारून आवाज आला. "मंतर शे का?"

शेजारी सुनंदाबाई बसल्या होत्या. पारोळ्याच्या, तिकीट काढतानाच त्यांनी नाव-गाव आणि गुडघ्याचं दुखणं सांगून टाकलं होतं. धनकुंवर ओशाळली. आवाज बाहेर पडतोय हे तिला कळलंच नव्हतं. "मंत्र नाही. मुलीचा पाठ आहे."

"पोर कोठे शे?"

"जर्मनीला."

"मनी पोर बी दूर शे. सुरतले." सुनंदाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. "फोन येस तिना. पन नातूच बोलस, ती नही बोलस. ती मांगून भांडा घासस, त्यास्नाच आवाज येस." त्या हसल्या. "मी म्हनस, चाल, भांडा तं ऐकू येतंस." मग धनकुंवरकडे निरखून बघितलं. "व्हट सुकाई ग्यात तुना. पानी पी ले."

"आज चालत नाही."

"उपास शे?"

"तसंच."

"देवले बी तहान लागस, माय," सुनंदाबाई म्हणाल्या आणि बाटली तिच्या मांडीवर ठेवून दिली, हवी तेव्हा घे अशा अर्थानं. पारोळा येईपर्यंत ती तिथंच होती. बाटली थंडगार होती, तिच्या अंगावर बाहेरून थेंब जमले होते आणि ते साडीतून मांडीपर्यंत झिरपत होते. धनकुंवरनं बाटली दोन्ही हातांनी धरून ठेवली. मानिबुस, हातांनी. तिला सुनंदाबाईंच्या भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सुरतेच्या कुठल्यातरी मोरीत एक बाई घासतेय आणि तिची आई इकडे फोन कानाला लावून उभी आहे, न बोललेलं सगळं ऐकत. तिनं काही व्रत घेतलं नव्हतं. घेतलं असतं तरी लेकीपासून लपवलं नसतं. फोनवरच ओरडून सांगितलं असतं, बोल नाहीतर पाणी प्यायची नाही मी. आणि लेकीनं हसून म्हटलं असतं, मग मर. यात दडवण्यासारखं काय होतं? पारोळ्याला बाटली परत देताना धनकुंवर म्हणाली, "येते तुमची आठवण ठेवून." काहीतरीच वाक्य होतं ते. सुनंदाबाईंनी मात्र मान डोलवली, जणू एवढंच बोलायचं असतं.

धुळ्याच्या जैन स्थानकात दुपारची शांतता होती. महासतीजी खिडकीपाशी बसून फाटलेली चादर शिवत होत्या. मूळच्या चोपड्याच्या, त्यामुळं मराठी घरच्यासारखी. धनकुंवरनं वंदना केली. "दया पाळा," त्या म्हणाल्या आणि तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीवरून बारीक नजरेनं बघत राहिल्या. "जळगावच्या ना तुम्ही? आगार नको म्हणणाऱ्या."

त्यांना आठवत होतं. धनकुंवरला एकदम हलकं वाटलं आणि लगेच भीतीही. तिनं सगळं सांगितलं, हळू आवाजात, जमिनीकडे बघत. महासतीजींचा हात शिवत राहिला.

"मुलीला ठाऊक आहे?"

"नाही."

"का बरं?"

"कळलं तर ती मला पाणी मिळावं म्हणून फोन करेल." मग पुढचं निघालं, ते तिनं आधी जुळवलेलं नव्हतं. "मी व्रत घेतलं तेव्हा तिची परीक्षा मनात नव्हती. तिनं रोज फोन करावा एवढंच मनात होतं. उपाशी राहिलं की येईलच फोन, असं काहीतरी. देवाच्या नावानं दोरी बांधली मी तिला. तिला न सांगता."

महासतीजींनी दोरा दातांनी तोडला नाही. कात्री शोधली, मिळाली नाही, मग हातानंच ओढून तोडला. "प्रायश्चित्त देता येईल," त्या म्हणाल्या. "एक उपवास, आणि व्रतात आगार ठेवून मोकळं करता येईल. घाई नाही. ऊन आहे अजून." आणि मग, अगदी पोरीसारख्या कुतूहलानं, "पण तो पाठ असतो कसा? म्हणा बघू."

धनकुंवरनं हात जोडले, सवयीनं. आक्वा, आक्वीस, ती म्हणाली. हॉर्तो, हॉर्तीस. गाथेची जी चाल तिच्या गळ्यात बसली होती त्याच चालीत ते शब्द निघत गेले. पाने, पानिबुस. मागं भिंतीशी दोन म्हाताऱ्या माळ ओढत बसल्या होत्या, त्यांनी माळ थांबवून हात जोडले. फिलिआ, फिलिआबुस. मानू, मानिबुस. दिए, दिएबुस. इथं पाठ संपत होता. ती थांबली. मागची एक म्हातारी म्हणाली, "कुठलं स्तोत्र हो हे? फार शांत वाटलं. लिहून द्याल?" महासतीजींची मुहपत्ती हलली, त्या हसत होत्या.

"छान म्हणता. पुढं?"

"पुढचं येत नाही. एवढंच दिलं होतं तिनं."

"अस्सं. पाठशाळा चालवायच्या ना तुम्ही? पोरांना काय सांगायच्या?"

घेतलेली द्या, मग नवी घ्या. धनकुंवर उठली. फार वेळ मांडी घालून बसल्यानं पाय बधिर झाले होते. स्थानकाच्या पायऱ्यांवर सावली पडली होती. तिनं फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, आणि ती ठेवणार तेवढ्यात मुस्कानचा जाड, झोपेतला आवाज आला. "मम्मी? काय झालं? पप्पा ठीक आहेत ना?"

"सगळे ठीक आहेत. पास झालीस, फार बरं वाटलं." मग तिनं श्वास घेतला. पाण्याचं सांगायचं नाही, हे तिनं तेव्हा ठरवलं, आज नाही. पाणी मध्ये आलं की पोर पाण्याला उत्तर देईल. "मागचा पाठ देते. ऐक."

"काय?"

तिनं म्हटला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. आक्वा ते दिएबुस. संपल्यावर मुस्कान हळूच म्हणाली, "दिएबुस मधला ए लांब म्हणायचा, मम्मी." आणि मग, "तुला पाठ झालं? पूर्ण?"

"पुढचा दे."

"अग, झालं ना. संपलं लॅटिन. तुझी सुटका केली की मी."

"मला नको आहे सुटका," धनकुंवर म्हणाली. इतक्या साध्या शब्दांत ती आयुष्यात काही बोलली नव्हती. "मला पाठ हवाय. तू दिलेला."

फोनमध्ये खूप लांबून एक ट्राम गेली. पोर उठून बसली असावी. पांघरूण सरकल्याचा आवाज आला. ती आता एका पायावर उभी नव्हती, तिच्या तोंडात वेणी नव्हती, तिचे केस तर केव्हाच कापलेले होते. पण आवाज तसाच आला, अडलेला, समोरच्या ओठांकडे बघणारा. "रोज नाही जमणार, मम्मी. एका मैत्रिणीला कालच म्हटलंय, तिच्याबरोबर पहाटेचं काम घेणार मी, बेकरीत. तिथून विद्यापीठात. घरी येईपर्यंत तुझी रात्र होते. रविवारी सुट्टी. रविवारी देईन. दर रविवारी. चालेल?"

चालेल का? पायरीवर मुंग्या साखरेचा कण ओढत होत्या. धनकुंवर त्यांच्याकडे बघत राहिली. "चालेल," ती म्हणाली. "आता झोप."

"नाही, थांब. आजचा घे." आणि मुस्काननं तिला एक शब्द दिला, लुक्स, म्हणजे उजेड, लुके, लुकिबुस. दोनदा म्हणवून घेतला. दुसऱ्यांदा म्हणताना धनकुंवरला कळलं, पलीकडे पोरीचे ओठ हलताहेत. तिनं ते बघितलं नाही, ऐकलं.

ती आत आली तेव्हा महासतीजींनी चादर घडी घालून ठेवली होती. "आज झाला पाठ," धनकुंवर म्हणाली. "प्रायश्चित्त द्या. आणि व्रत पुन्हा घ्यायचंय. आगार ठेवून."

"किती ठेवता?"

धनकुंवरनं हात जोडले. पाठ देताना बसायची तशी ताठ बसली. "सोमवार," ती म्हणाली. "मंगळवार. बुधवार." प्रत्येक वारापाशी ती थोडी थांबत होती, लेक नसलेला एकेक दिवस हातात घेऊन बघावा आणि बाजूला ठेवावा तशी. "गुरुवार. शुक्रवार." शनिवार म्हणताना आवाज जरा कापला, पण अडला नाही. मागच्या म्हाताऱ्या पुन्हा हात जोडून ऐकत होत्या. वोसिरामि, धनकुंवर म्हणाली. कुणीतरी उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला पुढं केला. खिडकीतलं ऊन अजून भिंतीच्या निम्म्यावर होतं. तिनं पहिला घोट तोंडात धरला आणि गिळायच्या आधी, तो जिभेवर असतानाच, रविवारी द्यायचा पाठ मनात एकदा म्हणून बघितला.